एक जुलैच्या आधी

अण्णा, मला भीती वाटते आहे. जिला सांगावी तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं झाली. तुमच्या जावयांना जाऊनही आता सहा वर्षं होतील. एअरफोर्समधून निवृत्त झाल्यावर त्यांनी चंडीगडला लागून झिरकपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तिथे मी एकटी राहते. तुमची नात नऊ वर्षांपूर्वी कॅनडाला गेली. येत्या एक जुलैला ती त्या देशाची नागरिक होणार आहे. एक जुलै म्हणजे त्यांचा पंधरा ऑगस्ट, असं ती सांगते. मोठ्या बागेत, लोकांसमोर शपथ आहे. आणि त्याच्या आदल्या दिवशी, तीस जूनला, इथल्या सरकारी दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. हे तिला माहीत नाही. आजपासून नऊ दिवस उरलेत.

परवा फोनवर ती हसत होती. "आई, राजाची शपथ घ्यावी लागते." मी म्हटलं, "राजाची? अजून?" "अगं हो, राजा आणि त्याचे वारस. दो मिनट का काम है, यार." समोरच्या दारातल्या बीजी माझ्याकडे मटार सोलायला बसल्या होत्या. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण कान शाबूत. मी त्यांना सांगितलं तशा टाळी वाजवून म्हणाल्या, "वाह जी वाह! जिनको हमने निकाला, बेटी उन्हीं के राजा की कसम खाने चली!" फोनमधून पोरगी ओरडली, "बीजी, आप के पोते भी तो यही खा के बैठे हैं!" बीजी म्हणाल्या, "ओ तां नालायक ने," आणि आम्ही तिघी हसलो. मग ती म्हणाली, "शपथ झाली की आपला पासपोर्ट रद्द होतो, आई. मग तुझ्याकडे यायचं तर व्हिसा काढा, नाहीतर परदेशी झालेल्या भारतीयांचं ते कार्ड. दोन-तीन महिने तर पक्के. अपने ही घर आने के लिए परमिशन, सोच!" तेव्हाही मी हसले. फोन ठेवल्यावर मी सोललेलेच मटार पुन्हा चाळत बसले. बीजींनी भांडं माझ्या हातातून घेतलं.

तुम्हाला हे राष्ट्रीय सण कसे वाटायचे, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही शाळेचे शिपाई. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, तिन्ही दिवशी झेंडा बांधायचं काम तुमचं. आत झेंडूच्या पाकळ्या घालून घडी अशी घालायची की खाली कुणी दोरी ओढली की एका झटक्यात सुटावी. गावात ती घडी आणि ती गाठ फक्त तुम्हाला जमायची. पण तुमचा स्वतःचा दिवस सतरा सप्टेंबर होता. त्या दिवशी कामावर निघण्याआधी तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकायचात आणि म्हणायचात, "आपलं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं बाई." रझाकार येणार म्हटलं की तुमची आजी तुम्हाला कणगीत लपवायची, ज्वारीचा भुसा नाकात जायचा आणि शिंक आली तर काय, म्हणून तुम्ही नाक दाबून बसायचात. देश स्वतंत्र झालेला होता, आणि तुम्ही कणगीत होतात. हे तुम्ही हसत सांगायचात. मला मात्र ऐकताना घाम फुटायचा.

एक पंधरा ऑगस्ट मला विसरता येत नाही. मी अकरा वर्षांची आहे. आई बाळंत होऊन आठ दिवस झालेत, बाळ राहिलं नाही, आणि तिला तीन दिवस ताप आहे. त्या सकाळी ती मला ओळखेना. तुम्ही धुतलेली टोपी घालून दारात उभे आहात. मी तुमच्या सदऱ्याचं टोक धरते आणि म्हणते, "अण्णा, आज जाऊ नका." तुम्ही माझा हात सोडवता. "झेंडा बांधून आलोच की." मी आईच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी बदलत बसते. शाळेतून बँडचा आवाज येतो, मग तो थांबतो, आणि बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मला वाटलं, जग थांबलं. शाळेत काय झालं ते मला मागाहून कळलं. सरपंचांनी दोरी ओढली, झेंडा सुटला नाही. तीनदा ओढली. शेवटी तुम्ही पोरांसमोर खांबावर चढलात, आणि हेडमास्तर खालून म्हणाले, "वर्षातून तीनदा एवढं एकच काम, तेही होत नाही का रे तुला?"

तुम्ही दुपारी डॉक्टरला घेऊनच आलात. आई वाचली, पुढे वीस वर्षं जगली. संध्याकाळी चुलीपुढे बसून तुम्ही मला म्हणालात, "म्हशीला बांधतो तशी गाठ मारली गेली. हात तिथं होते, मन घरी." मग पंचा घेऊन मला ती सुटणारी गाठ शिकवलीत. मी शिकले, पण दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं, पोर घाबरलीय. घाबरले होतेच. पण तेवढंच नव्हतं. जाऊ नका म्हटलं होतं आणि तुम्ही गेला होतात. तुमचं काही चुकलं असं आज वाटत नाही. नोकरी होती, आणि दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. पण त्या दिवसानंतर मी कुणालाही 'थांबा' म्हटलेलं नाही. लग्नानंतर दर पंधरा ऑगस्टला, दर सव्वीस जानेवारीला यांची सुट्टी रद्द व्हायची, हवाई तळावर पहारा दुप्पट. लोक टीव्हीवर परेड बघायचे आणि मी हे घरी परत येईपर्यंत घड्याळ बघायचे. तरी जाऊ नका म्हटलं नाही. पोरगी कॅनडाला निघाली तेव्हाही पुऱ्या तळून दिल्या.

बीजी पंधरा ऑगस्टला खाली झेंडावंदनाला येत नाहीत. फाळणीत पाच वर्षांच्या होत्या, काफिल्याबरोबर चालत आल्या. थोरली बहीण वाटेत हरवली, ती मिळालीच नाही. त्या आझादी म्हणत नाहीत, उजाडा म्हणतात, म्हणजे घरदार उद्ध्वस्त होणं. त्यांची आई दर वर्षी त्या दिवशी चूल पेटवायची नाही. पोरगी सांगते, कॅनडातही मूळच्या लोकांपैकी काहीजण एक जुलैला नारिंगी शर्ट घालून गप्प फिरतात, त्यांची मुलं शाळांच्या नावाखाली नेली ती परत आली नाहीत म्हणून. माझी शाळा सातवीत सुटली, पण तुम्ही शाळेच्या रद्दीतून पुस्तकं आणायचात, तेव्हापासून मी हाती येईल ते वाचते. देश कसे झाले त्याचंही पुष्कळ वाचलं. ज्या दिवशी एक देश फटाके उडवतो, त्या दिवशी त्याच देशात कुणीतरी दार लावून बसलेलं असतं, हे कुठल्या पुस्तकात मला नीट लिहिलेलं सापडलं नाही. यंदा त्या दिवशी दार लावून बसणारी मी असेन, दवाखान्यात असले तरी. आणि माझं तर कुणी काही हिसकावलेलंही नाही. पोरीने स्वतः ठरवलं आहे, तिथे तिचं घर आहे, नोकरी आहे. मला राग नाही. नुसती भीती आहे.

डॉक्टर नांदेडकडची आहे, माझ्या पोरीच्या वयाची. काल कागदांवर सह्या घेताना म्हणाली, "काकू, साखर जास्त आहे, वय आहे. धोका नाही असं मी म्हणणार नाही. घरचं कोण असेल सोबत?" मी म्हटलं, "शेजारीण." ती म्हणाली, "मुलीला कळवलंत ना?" मी म्हटलं, "कळवते." तिने पेन खाली ठेवलं. "आजच कळवा. तिकिटं मिळायला वेळ लागतो." घरी येऊन मी फोन हातात घेतला. ती आत्ता निघाली तर आपल्या पासपोर्टवर येऊ शकते. एक तारखेनंतर नाही येऊ शकणार, निदान लगेच नाही. मला काही झालं तर ती तिथे कार्डाची वाट बघत बसेल, आणि इथे बीजी एकट्या काय काय करतील? एवढं सगळं मला कळतं. तरी नंबर लावला नाही.

हे कागद मी टेबलावर उघडेच ठेवणार आहे. बीजींना मराठी वाचता येत नाही, आणि पोरगी बोलते, पण वाचत नाही. बीजींना मी सांगितलं आहे की पोरीचा मोठा दिवस आहे, तो माझ्यापायी बिघडायला नको, म्हणून गप्प आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "शेरनी है तू." मी तसंच राहू दिलं.

पण अण्णा, ते खरं नाही. तिला सांगितलं आणि ती म्हणाली, 'आई, शपथ झाली की लगेच बघते,' तर? ऑपरेशनपेक्षा मला त्या एका वाक्याची भीती जास्त आहे. ते ऐकण्यापेक्षा मी तिला न विचारताच ऑपरेशनच्या टेबलावर झोपेन.