आठ पॅनेलांचा हट्ट

चारकोप, १९ ऑक्टोबर २०२४

चि. शिवदास यास, अ. उ. आ.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, म्हणून हा कागद.

गच्चीवर सोलरची सहा पॅनेलं आहेत, मला आणखी दोन हवीत, असं मी तुला लिहिलं. सगळा जन्म विजेच्या खात्यात घालवलेल्या माझ्या भावाचं पोस्टकार्ड आलं: नको, सहा पुरेत. खाली सही. कारण न देता नकार देणं हा उद्धटपणा, असं आमच्या शाळेतल्या सिस्टर शिकवायच्या. तुझ्या शाळेत तो तास नसावा.

सहा पुरत नाहीत. ढगाळ दिवशी बॅटरी निम्मीच भरते, आणि गल्लीत केबलसाठी खणत असल्यामुळे वीज सारखी जाते. मंगळवारी पाच तास गेली. बॅटरी संपली आणि ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं. छोटा सिलिंडर जोडेपर्यंत मला दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात ह्यांनी माझा हात नाही, कॉटची दांडी धरली. बोटं पांढरी पडली होती. तुझ्या मते माझ्या नवऱ्याला दिवसाचे किती तास श्वास पुरे?

आमचा सोलरवाला नंदकिशोर म्हणतो, तीन किलोवॅटच्या इन्व्हर्टरला आठ पॅनेलं खुशाल चालतील. त्याने नवी दोन आणून, आठही एका माळेत जोडून, भर दुपारी माझ्यासमोर मोजली. तीनशे साठ व्होल्ट. इन्व्हर्टरची मर्यादा चारशे. आकडा मी स्वतः वाचला. दिवाळीआधी तो कायमची जोडणी करणार आहे. माहितीपत्रकाची झेरॉक्स सोबत आहे. आता नाही म्हणायचं तर कारणासकट म्हण.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवणं तुझ्या हाती.

तुझी
कुंदाताई

&nbsp;

मुलुंड, २२ ऑक्टोबर २०२४

ती. कुंदाताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. त्या दांडीचं वाचून माझ्या पोस्टकार्डाची लाज वाटली. अंबादासराव इतके थकलेत हे तू लिहिलं नव्हतंस, आणि मीही विचारलं नव्हतं.

आठ पॅनेलं लाव. ती मिळून चार हजार तीनशे वीस वॉट होतात, आणि तुझ्या पत्रकात साडेचार हजारांपर्यंत परवानगी छापली आहे. वॉट जास्त झाले तर इन्व्हर्टर भुकेपुरते घेतो, बाकीचे पानात टाकतो. व्होल्टचं तसं नाही. ते त्याच्या घशात कोंबले जातात.

म्हणून एका माळेत नको, ताई. नंदकिशोर खोटं बोलला नाही, त्याने चुकीच्या वेळी मोजलं. मुंबईत आपण सगळे उन्हाला भितो. पण पॅनेल तापलं की व्होल्ट उतरतात, गारठलं की चढतात. जानेवारीतल्या एखाद्या गार सकाळी तुझी माळ चारशेच्या वर जाईल आणि इन्व्हर्टर जळेल. मग वीज गेली की मशीन कशावर चालणार?

चार-चारच्या दोन माळा कर. इन्व्हर्टरला माळा जोडायला दोन वेगळ्या जागा आहेत, आणि तिथली करंटची मर्यादाही मी ताडून पाहिली, बसते. तारांना तू हात लावू नकोस.

रागावून का होईना, लिहीत जा.

तुझा
शिवदास

&nbsp;

चारकोप, १२ जानेवारी २०२५

चि. शिवदास यास, अ. उ. आ.

दोन माळा केल्या. नंदकिशोर कुरकुरला, सात वर्षांत आपल्या हातून एकही इन्व्हर्टर जळला नाही म्हणाला. मी त्याला सांगितलं, तुझी वर्षं सात, माझा नवरा एक.

परवा वीज चार तास गेली. दिवसभर धुरकट होतं, तरी बॅटरी पुरली. मशीन एकदाही थांबलं नाही.

आज सकाळी चांगलाच गारठा होता. ऊन पॅनेलांवर येताच नंदकिशोरला सोलरचा खटका पाडून दोन्ही माळा मोजायला लावल्या. दोनशे तीन. दुसरीही दोनशे तीन. एकच माळ असती तर चारशे सहा. त्याने मीटर बंद केला आणि खटका पुन्हा चढवला.

खाली आले तर ह्यांनी खुणेने विचारलं, काय झालं. म्हटलं, शिवदासचं ऐकलं नसतं तर आज इन्व्हर्टर गेला असता. ह्यांना आता बोलायला दम पुरत नाही. त्यांनी खिडकीकडे वळून मुलुंडच्या दिशेने हात जोडले. त्या बाजूला मुलुंड नाही रे, गोराईची खाडी आहे. मी दुरुस्ती केली नाही.

लवकर येऊन जा.

तुझी
कुंदाताई