कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या

सोमवार, ११ ऑगस्ट, दुपार

धाकटे,

तिसऱ्यांदा दोरा तुटला म्हणून मशीन बंद केलं आणि कागद ओढला. मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते. चार वर्षं विचारलं नाही, आता एकदम विचारलं तर तुला हसू येईल.

मशीन म्हणजे तुझ्या कारखान्यात ओळीने मांडलेली असतात तसलं, विजेवरचं. पॅडलला पाय लागायचा अवकाश, कापड पळत सुटतं. एकतीस वर्षं शिवण शिकवणारी मी, गेला आठवडाभर सरळ शिलाई मारायला शिकते आहे. शिकवते कोण, तर घाई. विजेच्या मशिनावर हात चालेना म्हणून तू आठ दिवसांत परत पाठवलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनींपैकी एक. हातात कापड आलं की तिला दम धरवत नसे, म्हणून मीच तिला हे नाव ठेवलं होतं. तुझ्याकडून परतल्यावर ती दुसऱ्या कारखान्यात पडेल ते काम करून शिकली. आता सकाळी तिथे असते आणि दुपारी आमच्या कॉलेजात येते, शिकवायला.

"बाई, कापड ओढू नका. त्याचं ते जातं."

"त्याचं ते जात असेल तर मी कशाला बसलेय इथे?"

"हे मी तुम्हाला विचारलं असतं तर वर्गाबाहेर उभी केली असतीत."

केलीच असती.

लिहायचं कारण असं की उद्या सकाळी आमचे नवे प्राचार्य तुझ्याकडे येणार आहेत. ते येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं असं काही आहे. मी त्याच्या भोवती फिरते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तो मागणीचा फॉर्म तुला माहीत आहे. दरवर्षी प्रवेशाआधी कॉलेज कारखान्यांना विचारतं, तुम्हाला कशी माणसं हवीत, किती हवीत. त्यावर कोर्स ठरतात. आमच्या विभागाचे नऊ फॉर्म माझ्या हाती असत. एकाही मालकाला वेळ नसे. "सही करून देतो बाई, तुम्हीच भरा. त्यातलं तुम्हालाच कळतं." तूही तेच म्हणालीस. "ताई, तूच भर गं, माझा माल अडलाय."

मी भरले. आठ वर्षं, नऊच्या नऊ; आपलं बिनसल्यावर तुझा सोडून आठ. सगळ्यांत एकच: हातकामात पक्की, अख्खा शर्ट एकटीने शिवणारी मुलगी हवी. तेवढंच मी शिकवत होते. खोटं लिहिते आहे असं मला वाटलं नाही. तुम्हाला काय हवं असायला हवं, ते मी लिहीत होते.

नव्या प्राचार्यांनी गेल्या महिन्यात ती फाइल काढली. माझ्या टेबलापाशी स्वतः आले. म्हणाले, "अभिनंदन बाई. एवढी मागणी असताना जुन्या लोकांनी एकच तुकडी कशी ठेवली?" दुसऱ्या तुकडीचा कागद सहीला ठेवून गेले. तीसच्या साठ मुली होणार होत्या. याच कागदाची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. दोन दिवस तो मी खणात ठेवला. आपल्याच घरातून चोरलेल्या वस्तूसारखा.

तिसऱ्या दिवशी प्रवेशाच्या खिडकीशी एक बाई विचारत आली. तीन महिन्यांत काम मिळेल असं काही आहे का, आणि वेळ दहा ते एक, तोवर मुलं शाळेत असतात. मी नेहमीचं सांगितलं. दीड वर्ष, पूर्ण वेळ, अख्खा शर्ट येईल. तिने सरळ विचारलं, "अख्खा शर्ट एकीकडून कोण शिवून घेतं हो?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला माहिती हवी होती. मला एकाही कारखान्याचं नाव सांगता आलं नाही.

मी कागद घेऊन वर गेले आणि प्राचार्यांना सांगितलं. उभ्यानेच. ते फॉर्म चाळत राहिले. "मला वाटलं होतं, इथले मालक फार एकमताचे आहेत," म्हणाले. मला हसू फुटलं, पण ते हसत नव्हते.

"आठ वर्षांत किती मुली?"

"दोनशे चाळीस."

"त्यांतल्या शिवणावर किती?"

हे विचारणारा फॉर्म आमच्याकडे कधी नव्हताच.

मला लेखी ताकीद मिळाली. विभागप्रमुखपद वर्षभरासाठी गेलं. दुसरी तुकडी रद्द झाली, माझ्या हॉलचा अर्धा भाग विजेच्या मशिनांना दिला आणि तीन महिन्यांचा वर्ग सुरू होतो आहे, दहा ते एक. मला काढतील असं धरूनच मी वर गेले होते. जिना उतरताना गुडघा दुखला नाही. डॉक्टरांना सांगायला हवं.

प्राचार्य आता स्वतः एकेका कारखान्यात जातात. पाच झाले. खरोखर हातकामाची मुलगी मागणारे दोनच निघाले. एक जुने कपडे दुरुस्त करणारा, दुसरा नाटकांचे पोशाख शिवणारा. त्यांना वर्षाला एकेक मुलगी पुरे. मी तीस लिहीत होते. दोन का होईना, खऱ्या आहेत.

आता ते.

तू तेव्हा कॉलेजच्या सल्लागार समितीवर होतीस; त्या दोघी परत आल्या तेव्हा समितीपुढे म्हणालीस, मी असलं काही मागितलंच नव्हतं. मी फाइलमधून तुझा फॉर्म काढला आणि जुन्या प्राचार्यांसमोर तुझ्यापुढे धरला. "सही तुझीच ना?" तू सहीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "हो, माझीच." फॉर्म कोरा दिला होता, हे तूही सांगितलं नाहीस आणि मीही. काय हवं ते ज्यांना कळत नाही अशी माणसं नकोत, असं म्हणून त्यांनी तुला समितीतून काढलं. तू जिना उतरलीस. मी वर उभी राहिले. तेव्हापासून आपण दोघी तिथेच आहोत.

उद्या त्यांनी ती फाइल पुढे केली तर मला सांभाळून घेऊ नकोस. सही तुझी, मजकूर माझा. एवढंच सांग.

पत्र घाईबरोबर पाठवते. तिचा रस्ता तुझ्या फाटकावरूनच जातो.

तुला एकटीला खाली उतरू देणारी,
तुझी ताई

मंगळवार, १२ ऑगस्ट

ताई,

पत्र कालच मिळालं. घाईला आत बोलावलं तर म्हणाली, "नको, आठ दिवस आत बसून पाहिलंय." तोंड तुझ्याच वर्गात शिकलेलं दिसतं.

एक गोष्ट तू चुकीची धरून बसली आहेस. मी 'हो' म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं. वर्षानुवर्षं न वाचता कोऱ्या कागदावर सही दिली, हे त्या सगळ्यांसमोर बोलायची मला लाज वाटली. चार वर्षं मला थोर समजून झुरत असशील तर ते पुरे कर. राग मात्र खरा होता. तो आहे थोडा अजून. रविवारी येते, समोरासमोर भांडू.

आज सकाळी साडेनऊला तुमचे प्राचार्य आले. फाइल त्यांनी उघडलीच नाही. नवा फॉर्म दिला आणि माझंच पेन माझ्यापुढे सरकवलं. 'कसं माणूस हवं' या ओळीपाशी मी अडले. वेग असं लिहिलं, खोडलं. मग उठून मशिनांवरच्या बायकांना विचारायला गेले. सगळ्यांत जुनी म्हणाली, मशीन बिघडलं की मेकॅनिक येईपर्यंत हात बांधून बसावं लागतं, बारीकसारीक दुरुस्ती यायला हवी. तिच्या शेजारची म्हणाली, चुकलेली कॉलर सफाईने उसवून परत लावता यायला हवी, आमच्यात कुणालाच येत नाही. दोन्ही लिहिलं. दुसरं तू शिकवतेस. लगेच फुगू नकोस. संख्या चार लिहिली. सगळ्याला एक तास दहा मिनिटं लागली. मग मी फॉर्म वरपासून वाचून काढला, खाली सही केली आणि ते पुढच्या कारखान्यात गेले.

धाकटी