राणी मेली की गोळे सोडायचे

फाल्केनरोडा,
सोमवार (खाणावळ बंद, म्हणून अक्षर बरं)

तीर्थरूप हेडविग आत्यास,

एप्रन काढून, हात धुऊन आणि चष्मा पुसून तुझ्या भाच्याचा, म्हणजे ओटमारचा, वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. ट्राउडेलची पाठ दमट हवेत कुरकुरते, पण जीभ ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? कासेलचा तो नवा डॉक्टर अजून तुला जिने चढू नका म्हणतो का, आणि ते ऐकायला तू अजून त्याच्या दवाखान्याचा जिना चढतेस का? पाकिटावर माझं अक्षर बघून तू म्हणशील, झालं, काहीतरी लचांड घेऊन आला. तसं काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहितो. (ट्राउडेल मागून वाचते आहे आणि हसते आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

सांगायची पहिली गोष्ट ही की तू दिलेलं तांब्याचं पातेलं उत्तम आहे. ते देताना तू जी अट घातली होतीस, की यात ज्या दिवशी एक जरी गोळा फुटेल त्या दिवशी पातेलं परत कासेलला, ती मी विसरलेलो नाही. आजोबांनी ऑपेराच्या कँटीनमध्ये ज्या पातेल्यात बटाट्याचे गोळे केले त्याच पातेल्यात मी करतो, हे मी प्रत्येक प्रवाशाला सांगतो. (आजोबांची कँटीन पुढे हातातून का गेली हे मात्र तू कधी सांगितलं नाहीस, म्हणून ते मी सांगत नाही.) स्टेशनवरच्या उपाहारगृहात बशा विसळणारा पोरगा आज ऑपेराच्या समोर स्वतःच्या खाणावळीचा मालक आहे, यात अर्धा वाटा त्या पातेल्याचा आहे. उरलेला अर्धा माझ्या कानांचा.

कानांचं तुला ठाऊक आहे. आपल्या गोळ्यांचा स्वभाव तू जाणतेस: पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, उकळता कामा नये, गोळे खाली बसतात, मग एकेक करून वर येतात, आणि वर आले की खाणारा समोर बसलेला हवा. ते कोणासाठी थांबत नाहीत. ऑपेरा पाहून येणारी माणसं मात्र कधी येतील त्याचा भरवसा नसतो. दुसरे लोक घड्याळ बघतात. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीपलीकडे ऑपेराच्या झरोक्यासमोर आहे, त्यामुळे मला घड्याळ लागत नाही. मी त्या इमारतीत आजवर एकही ऑपेरा पाहिला नाही (ते गातात तेव्हा मी रांधतो), आणि स्वर मला कळत नाहीत. पण कोणता स्वर ताटाच्या किती अलीकडे आहे ते अचूक कळतं. शिकाऱ्यांच्या ऑपेरात तुताऱ्या दुसऱ्यांदा वाजल्या की कोबी गरम करायला ठेवायचा. आणि विष पिणाऱ्या राणीच्या ऑपेरात राणीनं प्याला रिकामा केला की गोळे सोडायचे. ती बाई इतक्या निवांतपणे मरते की तेवढ्यात गोळे बरोबर तयार होतात. मग पडदा, टाळ्या, कोट घ्यायची रांग, गल्ली ओलांडणं, आणि दार उघडतं तेव्हा मी वाफाळता गोळा ताटात ठेवत असतो. लोकांना वाटतं जादू आहे. त्यांना तसं वाटू द्यावं.

आता परवाच्या शनिवारचं. हानोफरच्या एका सहल कंपनीची बस आली होती. गावोगावचे ऑपेरा दाखवायचे आणि त्या त्या गावचं जुनं जेवण खाऊ घालायचं, असा त्यांचा धंदा आहे. बसबरोबर रोसनरबाई म्हणून एक होत्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोललेलं सगळं लक्षात ठेवणाऱ्या. या हंगामातले सगळे शनिवार बस माझ्या दारात उभी करायची की चौकातल्या क्रामरच्या हॉटेलात, हे त्या त्याच संध्याकाळी ठरवणार होत्या. क्रामरचे गोळे बर्फातून निघतात, थैलीतून पडतात आणि रबरासारखे उडी मारतात. पण त्याच्याकडे लिफ्ट आहे, आणि सहलीवरच्या म्हाताऱ्यांना लिफ्ट फार आवडते. तेव्हा आत्या, तू समजून घे, माझा हिवाळा त्या एका जेवणावर होता.

ऑपेरा होता राणीचा. नव्यानं बसवलेला, पहिलाच प्रयोग, आणि बसवणारा बर्लिनहून आलेला, उंच गळ्याच्या काळ्या स्वेटरातला एक तरुण. ऑपेरातल्या शिंपीणबाई दुपारी अंडी न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, त्यानं बरंच कापलंय. कापलंय म्हणजे लवकर संपणार, एवढं कळायला मला बर्लिनला जायची गरज नाही. मी तयार होतो. मध्यंतराची घंटा झाली, लोक आत गेले, वाद्यं लागली, आणि थोड्याच वेळात राणीनं प्याला रिकामा केला.

ट्राउडेल म्हणाली, "ओटमार, एकदा घड्याळ बघ. आत्ताच तर आत गेलेत."

मी म्हटलं, "घड्याळाला संगीत कळत नाही."

"तुलासुद्धा नाही कळत."

"मला राणी कळते," असं म्हणून मी सगळे गोळे सोडले. अख्ख्या बसचे. पातेलं काठोकाठ भरलं. आजोबांना अभिमान वाटावा असं ते दृश्य होतं.

राणी मेली. चांगली मेली. नेहमीपेक्षा थोडी खोकली, पण मेली. मी ताटं मांडली. टाळ्या नाहीत. मी म्हटलं, धक्का बसला असेल, बर्लिनचं काम आहे. गोळे वर यायला लागले. गल्लीत चिटपाखरू नाही. आणि तेवढ्यात, आत्या, झरोक्यातून आवाज आला. तीच बाई, तोच गळा, आणि ती चक्क लग्नातलं गाणं म्हणत होती, जे खरं तर मध्यंतराच्या आधी, रोस्ट ओव्हनमध्ये असताना असतं.

मी एप्रनसकट गल्ली ओलांडून मागच्या दाराशी गेलो. तिथे दरवान झ्विंगमान पाव खात बसला होता. मी त्याला विचारलं, राणी मेली ना?

"मेली."

"मग गातंय कोण?"

"राणीच."

"मेल्यावर?"

"मरण आधी आलं, आता लग्न चाललंय. मध्यंतरापासून सगळं उलट लावलंय त्यानं. शेवटाला ती बहुतेक जन्मते."

माझ्या तोंडून नकळत शीळ निघाली. आता, ऑपेराच्या इमारतीत शीळ म्हणजे थेट अपशकुन, हे तुला सांगायला नको. गॅसच्या दिव्यांच्या काळापासूनची ती धास्ती आहे, तेव्हा शीळ ऐकू आली म्हणजे गॅस गळतोय. झ्विंगमाननं पाव खाली ठेवला आणि तीन वेळा थुंकल्यासारखं करून म्हणाला, "झालं समाधान? आता ते झुंबर खाली येईल, नाहीतर तुझं काहीतरी वर जाईल." झुंबर आलं नाही.

परत आलो तेव्हा ट्राउडेल पातेल्याशी हाताची घडी घालून उभी होती. गोळे राहिले नव्हते. (इथे तू जरा बस. गुडघ्यासाठीच म्हणतो.) पातेल्यात एक पांढरट, दाट, शांत सरोवर होतं, आणि त्यावर गोळ्यांच्या पोटात भरलेले तळलेल्या पावाचे तुकडे होड्यांसारखे फिरत होते. परत बटाटे किसायला वेळ नव्हता, बटाटेही नव्हते. ट्राउडेल म्हणाली, "क्रामरकडे जाऊन थैल्या मागू?" ते ऐकल्यावर माणसाला जे सुचतं ते सुचलं. मी त्यात रोस्टचा रस्सा ओतला, साय घातली, जायफळ किसलं, सुका मार्जोराम चुरडून टाकला, आणि ट्राउडेलच्या नि माझ्या लग्नातल्या सोनेरी काठाच्या वाट्या काढल्या. त्या काठांना मोठा मान आहे. त्यांतून साधं पाणी दिलं तरी लोक आधी हुंगतात.

वेळही भरपूर मिळाला, कारण पडदा पडल्यावर तो बर्लिनकर रंगमंचावर आला आणि लोकांनी त्याला 'बू' करायला सुरुवात केली. फाल्केनरोड्याचे लोक कामचुकार नाहीत. घेतलेलं काम पूर्ण करतात. मग सगळे आले, भुकेले आणि चिडलेले, आणि बसले. कोणी म्हणे हा राणीचा अपमान आहे, कोणी म्हणे आपल्या तिकिटाचा. मी वाट्या ठेवल्या. हळूहळू आवाज कमी झाला. मी कान लावून होतो. चमच्यांचा आवाज मला ऑपेरापेक्षा चांगला कळतो. चमचे थांबत नव्हते. ओल्डेनबुर्गचे एक निवृत्त दंतवैद्य मान वर न करता म्हणाले, "आज संध्याकाळपासून समजलेली ही पहिलीच गोष्ट."

शेवटी तो बर्लिनकरही आला, एकटाच, कोपऱ्यात. त्यानं वाटी संपवली आणि स्वयंपाकघरात येऊन माझा हात धरला. म्हणाला, "गोळा मोडून त्याच्या आतलं तुम्ही बाहेर आणलंत. या गावात मला समजणारे तुम्ही एकटेच." मी म्हटलं, "आपण दोघांनी एकाच वेळी केलं हे." खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

रोसनरबाईंनी विचारलं, हे काय आहे? आत्या, मी खरं सांगणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण त्यातून बाहेर आलं ते असं, की हे आमच्या पणजीनं इथल्या ड्यूकच्या लाडक्या गायिकेसाठी काढलं. ती बिचारी रोज संध्याकाळी मरून मरून इतकी थकायची की तिला चावायचं बळ राहत नसे. बाईंनी दुसरी वाटी मागितली. मग म्हणाल्या, सगळे शनिवार तुमचे, पण हे सूप आणि त्याची ही हकीकत आमच्या माहितीपत्रकात जाईल, आणि तिथे आम्ही विचारून खात्री केल्याशिवाय काही छापत नाही. मागे एकानं अशीच थाप मारली आणि कंपनीचं हसं झालं. हे सांगू शकेल असं घरात कोणी आहे का?

आणि मी, गाढवानं, छाती फुगवून सांगितलं: माझी आत्या आहे ना, कासेलला. तिला सगळं पाठ आहे, आणि ती जन्मात खोटं बोललेली नाही.

असो. इकडे हवा बरी आहे. सफरचंदं यंदा लहान पण गोड आहेत. गुडघ्याला कोबीचं पान बांधून बघ. सर्वांना आठवण सांग.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,
ओटमार

ता. क. एक क्षुल्लक गोष्ट लिहायची राहिली. रोसनरबाईंचा फोन आला तर त्यांना एवढंच म्हण: पणजी, ड्यूक, गायिका. क्रम हाच ठेव. हल्ली लोक क्रम बदलतात. हे पाप होतं का असं पाद्रीबाबांना विचारायचं असेल तर फोन झाल्यावर विचार.

ता. क. दुसरी. काल ते सूप पुन्हा करून बघावं म्हणून गोळे मुद्दाम फार वेळ पाण्यात ठेवले. फुटेनात. पाणी उकळवलं, तरी चेंडूसारखे टणक, गोल, देखणे. ट्राउडेल म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा मोडायला बसलास आणि पहिल्यांदाच एकही मोडला नाही." पणजीनं (म्हणजे समज, पणजी असती तर) काय युक्ती केली असती ते तुला सुचलं तर कळव. शिवाय दारावरच्या फळ्यावर मी 'हेडविग आत्याचं राणी-सूप' असं रंगवून घेतलं आहे. रंग पक्का आहे.

ता. क. तिसरी, पाकीट चिकटवायच्या आधी. आत्ताच रोसनरबाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या आत्याशी सकाळीच बोलणं झालं. मी खुर्चीत बसलो. म्हणाल्या, पणजीचा काही संबंध नाही आणि ड्यूक तर तेव्हा नव्हताच, असं त्या म्हणतात. हे सूप तुमच्या आजोबांचं. एका पाहुण्या संगीत-संचालकानं राणीला भलतंच ताणून मारलं, पातेल्यात गोळे विरघळले, आणि आजोबांनी त्यात साय घालून तेच ऑपेराच्या प्रमुखाला वाढलं. आठवड्याच्या आत कँटीन गेली. त्याआधी त्यांच्या वडिलांनीही एकदा केलं होतं. म्हणजे पदार्थ तीन पिढ्यांचा, खरा, आणि आत्याबाईंच्या शब्दांत, 'नेहमी घरातल्या पुरुषांनीच केलेला'. कृती विचारली तर म्हणाल्या, काही करायचं नाही, ओटमारला घड्याळाकडे बघू देऊ नका म्हणजे होतं. बाई खूश आहेत. म्हणे अशी हकीकत कोणी मुद्दाम रचूच शकत नाही. शनिवार पक्के झाले.

म्हणजे या पत्राची गरज राहिली नाही, पण टपालाचं तिकीट लावून झालंय, ते वाया का घालवायचं.

तू येत्या शनिवारी त्यांच्याच बसनं पातेलं न्यायला येते आहेस, असंही त्या म्हणाल्या. ये. जिना चढायला लागू नये म्हणून शेगडीजवळचं टेबल ठेवलंय, पातेलं व्हिनेगर-मिठानं घासलंय, आणि राणीचाच प्रयोग आहे. फक्त गोळे खाणार की सूप ते आधी कळव. दोन्हींतलं काय होईल, ते मात्र मला आत्ता सांगता येत नाही.