एका सालीखालची जोडी

१४ नोव्हेंबर, दुपार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पन्नाशीच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण दुसरं काही सुचेना. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात. संग्रहालयाचं छत नेमकं माझ्या भुंगेऱ्यांच्या कपाटावर गळलं, त्यामुळे महिनाभर पेट्या हलवणं चालू आहे. तुझ्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं मावशीकडून कळलं. बरं वाटलं. वखार कशी चाललीय?

आता कामाचं. आमच्याकडे एक नव्या संशोधक बाई आल्यात. त्यांनी तुझ्या त्या दोन भुंगेऱ्यांचा एकेक पाय काढून त्यातली जनुकं तपासली. लांब मिशांचा काळा आणि आखूड मिशांची, बसकी तपकिरी. अहवाल आला: दोन्ही एकच जात. काळा नर, तपकिरी मादी.

हे तू अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. ओंडक्याची साल सोलताना तुला ती जोडी एकमेकांवर बसलेली सापडली, आणि डबीत घालून तू तडक माझ्या खोलीत आलास. "ताई, हे नवरा-बायको आहेत गं! मी डोळ्यांनी पाहिलंय." समोर संग्रहालयाचे साहेब बसले होते. तुझ्याच वखारीतून आधी आलेल्या सुट्या नमुन्यांवरून मी त्यांना दोन नव्या जाती म्हणून सांगून बसले होते. मी म्हणाले, "तू फळ्या काप. नावं मी देते."

साहेब हसले. तू चहा तसाच ठेवून गेलास.

मग मी एकाच लेखात दोन नावं छापली. काळ्याला आबांचं, तपकिरीला तुझं. लोक म्हणाले, काय माया आहे बहिणीची! माया कसली डोंबलाची. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून दिलं होतं. तू ते ओळखलंस. तेव्हापासून तुझा फोन नाही, आणि माझाही.

इथवर लिहून मी उठले आणि उगाच दोन पेट्या पुसून आले. सांगायचं ते राहिलंच आहे.

मला हे बाईंच्या अहवालातून कळलेलं नाही. तू डबीबरोबर त्या ओंडक्याचा एक तुकडाही ठेवून गेला होतास. मी तो बरणीत टाकला आणि विसरले. लेख छापून तीन महिने झाल्यावर त्यातून भुंगेरे बाहेर पडले. सहा काळे, पाच तपकिरी. दुसऱ्या दिवशी जोड्या जमल्या, अगदी तू म्हणाला होतास तशा. मी बरणी कपाटामागे सरकवली. दहा वर्षं ती तिथे होती, छत गळलं तेव्हा हाती लागली. लाज वाटते रे.

दुरुस्तीचा लेख मी लिहून काढलाय. जातीला नाव एकच उरतं. दोन नावं एकाच दिवशी छापलेली असतील, तर पहिल्यांदा दुरुस्ती करणाऱ्याने एक निवडायचं. दुसरं पुसत नाहीत, खाली राहतं. साहेब म्हणाले, "वडिलांचंच ठेवाल, प्रश्नच नाही."

मी तुझं ठेवलं. पाहिलं तू होतंस. ही जोडी एका वखारवाल्याने ओळखली आणि मी त्याचं ऐकलं नाही, हे लेखाचं पहिलंच वाक्य आहे. साहेबांनी ते खोडलं. मी परत लिहिलं.

काल दोन्ही टाचण्या एका पेटीत शेजारी शेजारी लावल्या. यातून भलते अर्थ काढू नकोस, तुला ती खोड आहे. नियमच तसा आहे.

लेखावर माझ्या आधी तुझं नाव घालायचंय, त्याला तुझी सही लागते. कागद सोबत आहे. नको असेल तर कोराच परत पाठव, पण पाठव.

आबांचं नाव आता बारीक अक्षरात खाली गेलं. ते काही बोलायचे नाहीत. तू बोल.

वखारवाल्याची बहीण