मेमरीची खाच आणि बाबांची कानस

तीर्थस्वरूप मामास,

साष्टांग नमस्कार. (अर्धा आत्ताच पोचता करते. उरलेला अर्धा, पत्र संपल्यावर तुम्हाला घ्यावासा वाटला तरच घ्या.) तुमची पाठ कशी आहे? मामींनी दाढ काढून घेतली, की दाढेला आणि दातांच्या डॉक्टरला अजून ताटकळतच ठेवलंय? इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द आईने सांगितला म्हणून लिहिला आहे. पुढचं तिने सांगितलेलं नाही.

तुम्हाला माहीतच आहे की मला काम मिळालं होतं. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेसाठी धड्यांच्या व्हिडिओंखाली शब्द लिहायचे. घरी बसून, पण कॉम्प्युटर स्वतःचा हवा, मेमरी सोळा जीबी हवी आणि सोमवारपर्यंत सगळं चालू हवं. तयार कॉम्प्युटर परवडणारा नव्हता, म्हणून सुटे भाग आणून जोडायचं ठरलं. तुम्ही फोनवर स्पष्ट सांगितलं होतंत, "मास्तरीणबाई, आधी मदरबोर्ड ठरव. त्याला कुठली मेमरी चालते ते बघ. मग मेमरी घे. आणि पैसे मोजण्याआधी मला एक फोन कर." या चारांपैकी मी एकही गोष्ट धड केली नाही. तीन वर्षं मी या घरात भाषणं देत आले की माणसाने स्वतःच्या डोक्याने विचार करावा, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू नये. आता घरातल्या पहिल्या पदवीधराने दोन पट्ट्या विकत घेण्यासाठी मामाला फोन करायचा म्हणजे त्या भाषणांचं काय झालं असतं? (आई म्हणते, काही झालं नसतं, ती कोणी ऐकलीच नव्हती.)

मी आलेखाच्या कागदावर अकरा रकान्यांचा तक्ता केला. वेग, क्षमता, बोर्डाची लांबी, पेटीची रुंदी, सगळं. तक्ता इतका देखणा झाला की आईने तो भिंतीवर चिकटवला. मेमरी आधी घेतली, कारण ती दुकानात होती. चौथ्या पिढीच्या दोन पट्ट्या. मग दुसऱ्या दुकानात बोर्ड घ्यायला गेले. माझ्या तक्त्यातला बोर्ड दोन प्रकारांत येतो: एकाला चौथ्या पिढीची मेमरी लागते, दुसऱ्याला पाचव्या. खोक्यावरचं चित्र सारखंच. दुकानदार म्हणाला, "ताई, चौथीवाला संपला. पाचवीवाला आहे, नवा माल, देऊ?" मामा, मी उभ्या उभ्या विचार केला, स्वतःच्या डोक्याने केला: पाचवीतल्या मुलाला चौथीचं गणित येतंच. मग बोर्डाला का येऊ नये? म्हटलं, द्या.

हसून झालं असेल तर आता बाबांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आईने तुम्हाला फोनवर "डोळ्यांचा थोडा त्रास" असं सांगितलं आहे. थोडा नाही. कडेचं दिसणं गेलं आहे, आणि डॉक्टर म्हणाले की गेलेलं परत येत नाही, उरलेलं हळूहळू जाईल, थेंब टाकत राहा. कारखान्यात सव्वीस वर्षं खुर्च्यांचे आणि टेबलांचे सांधे बाबांनी बसवले. शेवटच्या काही महिन्यांत दोन कपाटांचे खण वाकडे गेले. मालक ओरडला नाही. त्याने चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, आता आराम करा. बाबा घरी येऊन एवढंच बोलले, "ओरडला असता तर उद्या परत गेलो असतो." त्याला चार महिने झाले. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली आणि बाबा दाराजवळच्या खुर्चीत गेले. आई पूर्वी म्हणायची, जरा गप्प बसा. आता म्हणते, "अहो, निदान भांडा तरी."

तर मी भाग घेऊन आले, टेबलावर मांडले आणि मेमरी सोडून बाकीचे जोडले. मेमरीच्या पट्टीला खालच्या बाजूने एक खाच असते आणि बोर्डावरच्या फटीत एक उंचवटा असतो. खाच उंचवट्यावर आली की पट्टी टक्कन बसते. माझी बसेना. उलटी करून पाहिली, दुसऱ्या फटीत पाहिली, जोर लावून पाहिली. खाच दोन-अडीच मिलिमीटर बाजूला होती. मग मी पुस्तिका वाचली (आधी तक्ता, मग खरेदी, मग पुस्तिका, हा माझा क्रम) आणि समजलं की पाचवीला चौथीचं काहीच येत नाही. खाच मुद्दामच हलवलेली असते, कारण दोघांना वीज वेगवेगळ्या दाबाची लागते. चुकून कोणी घालू नये म्हणून. मी मेमरीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "पट्ट्या तशाच असल्या तर उद्या आणा, फरक घेऊन बदलून देतो." म्हणजे मामा, संकट टळलं होतं. एवढं एक वाक्य मला घरात मोठ्याने सांगायचं होतं. पण मला लाज वाटली. भिंतीवर तक्ता होता. बाबांनी विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बसत नाहीये," आणि तोंड धुवायला गेले.

सुताराला 'बसत नाहीये' म्हणणं म्हणजे आईला 'भूक लागलीय' म्हणण्यासारखं आहे. त्यानंतर कोणी स्वस्थ बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदवीच्या दाखल्यावर शिक्का आणायला कॉलेजात गेले. (शिक्का मारणाऱ्या बाई रजेवर होत्या. नसत्या तर तासभर आधी परत आले असते, असं मी रोज मनात म्हणते आणि त्या बाईंना शिव्या घालते. त्यांच्या घरी आजारपण होतं.) परत आले तर पलंगाखालची पेटी बाहेर होती. टेबलावर जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर बारीक कानस, ब्रश आणि चिमूटभर हिरवट भुकटी. दोन्ही पट्ट्या बोर्डावर बसल्या होत्या. बाबा उभे होते, चार महिन्यांनी ताठ. म्हणाले, "खाच चुकीच्या जागी पाडली होती त्या गाढवांनी. रुंद केली. डोळ्यांचं काम नव्हतंच ते, बोटांचं होतं. हात फिरव, कुठे लागतंय का बघ." मी हात फिरवला. मामा, कुठेही लागत नव्हतं. कंपनीची खाच खरखरीत असते, बाबांची लोण्यासारखी होती. खाचेशेजारचे, वीज पोचवणारे सोनेरी दात मात्र तीन-चार गेले होते.

तेव्हा सांगायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं: दाबाचं, दातांचं, सोमवारचं. बोर्ड तरी वाचला असता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि तिने पदर तोंडाशी धरला होता, रडण्यासाठी नाही. बाबा ओरडून बोलताहेत हे तिला ऐकत राहायचं होतं. "अगं बघतेस काय, दाब की बटण!" मी बटणावर बोट ठेवलं. थोडा वेळ ठेवलं. मग दाबलं.

आवाज आला नाही. केस जळल्यासारखा वास आला. बाबांनी वास घेतला आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "बोर्डच खराब निघाला, बाबा. मुळातच." त्यांनी मान हलवली. पेटी आवरली. पण तेव्हापासून ते दिवसातून एकदा तरी ती पट्टी हातात घेतात, खाचेवरून अंगठा फिरवतात आणि विचारतात, "माझ्या कानशीने तर नाही ना गेलं?" मी नाही म्हणते. ते म्हणतात, "बरं." दुसऱ्या दिवशी पुन्हा.

सोमवारी मी शाळेला खरं कळवलं. त्यांनी फार चांगलं उत्तर लिहिलं आणि काम दुसऱ्या मुलीला दिलं. मुलांचं वर्ष थांबत नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. तक्ता मी काढायला गेले तर आई म्हणाली, राहू दे, भिंतीचा पोपडा झाकला जातो.

मामींना नमस्कार. पाठीला शेक देत जा.

तुमची,
मास्तरीण

ता. क. : आईने मला 'सहज' लिहायला सांगितलं आहे की तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात एखादा जुना बोर्ड पडून असेल. लिहिलं. त्यासाठी हे पत्र नाही.

ता. क. २ : पत्र यासाठी आहे. बाबांच्या नावाने, तुमच्या दुकानाच्या छापील कागदावर, मला एक पत्र हवं आहे. 'बोर्ड तपासला. कारखान्यातूनच सदोष आला होता. मेमरीशी याचा संबंध नाही.' खाली सही आणि शिक्का. माझं बाबा ऐकून घेतात, पण यंत्राच्या बाबतीत विश्वास तुमच्यावर आहे. मी जन्मात कोणाला खोटं लिहायला सांगितलेलं नाही आणि सत्यावर मी तुम्हालाही पुष्कळ ऐकवलं आहे, ते सगळं मला आठवतं आहे. तरी लिहा. त्यांनी पेटी पुन्हा पलंगाखाली ढकलली आहे, या वेळी पार भिंतीपर्यंत.

ता. क. ३ : हे पत्र वाचून फाडून टाका.

मेव्हणे, नमस्कार. पोरीने पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट फोडलं, माझं चुकलं. भिंग लावून वाचायला दोन दिवस लागले, म्हणून तुम्हाला उशिरा मिळेल. पेन सापडलं नाही, पेन्सिल चालवून घ्या. बटणावर बोट ठेवून ती थांबली होती ते मला दिसलं होतं. दाब मीच म्हणालो होतो, तरी थांब म्हणालो नाही. ती म्हणते तसं पत्र पाठवा. जुना बोर्ड असला तर तोही पाठवा, कंपनीने बदलून दिला म्हणा, आणि मेमरी कुठली ते तुम्हीच ठरवा. तुमचं ते पत्र मी तिच्याकडूनच वाचून घेणार आहे. तेव्हा वाक्यं लहान ठेवा. खोटं वाचताना ती अडखळते.