रडणाऱ्या उमेदवाराचा माइक

बाबा, परवा मालेगावच्या बाजाराच्या मैदानात एक उमेदवार रडला आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. उमेदवार रडला यात काय नवल, असं तुम्ही म्हणाल. तुमची उभी हयात मंचाच्या बाजूला मशीनपाशी बसण्यात गेली. पक्ष कोणताही असो, सभेला माइक आपलाच असायचा, त्यामुळे तालुक्यातलं सगळं रडणं तुमच्या तारेतून गेलेलं. कोणी तिकीट कापलं म्हणून रडलं, कोणी आईच्या आठवणीने, कोणी गावात रस्ता नाही म्हणून. दुकानात तुटलेली वायर जोडता जोडता तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, "ज्याले खरंच रडू येते ना पोरी, थो माइकपासून तोंड फिरवते. ज्याले आणा लागते, थो माइकले चिकटते." मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. हातात नोकरीच्या जाहिरातींचा पेपर होता आणि तुमच्या बोलण्याकडे माझं अर्धंच लक्ष होतं.

त्याच वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक आली. तुमच्यासोबत मशीनवर बसणारे काका तापाने पडले, म्हणून त्या दुपारी मी तुमच्यासोबत गेले. वाशीम रस्त्यावरचं गाव, शाळेपुढचं पटांगण, एक भोंगा शाळेच्या गच्चीवर आणि एक लिंबाच्या झाडावर. उमेदवार एक बाई होती. नवऱ्याला जाऊन चार महिने झालेले. तो आधीचा सदस्य, म्हणून तिकीट हिला. डोक्यावरून पदर, हातात कोणीतरी लिहून दिलेला कागद. ती उभी राहते, वाचायला लागते. दुसऱ्याच ओळीत नवऱ्याचं नाव येतं आणि तिथे ती अडते. पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, पुन्हा तिथेच अडते. मग तोंड फिरवते ते थेट मागच्या बॅनरकडे, आणि त्या बॅनरवर नेमका त्याचाच फोटो. तिच्या छातीतून जो आवाज निघाला तो दोन्ही भोंग्यांतून पार शेतांपर्यंत गेला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचा हात बटनावर होता. हळूहळू, दुधाखालचा जाळ कमी करावा तसा तुम्ही आवाज कमी करत नेलात आणि पटांगण एकदम गप्प झालं. आता तिचे हलणारे खांदे तेवढे दिसत होते. पुढच्या बायांनी तोंडाला पदर लावले. मागची माणसं उठून विचारायला लागली, "काय झालं? लाइट गेली काय?" ती सावरली, पाणी प्यायली, वळली, आणि तुम्ही आवाज पुन्हा होता तिथे आणलात. कागद तिने बाजूला ठेवला. स्वतःची चार वाक्यं बोलली आणि खाली बसली.

सभा संपताच तिचे कार्यकर्ते आपल्यावर धावून आले. "मायकवाले! आवाज काहून बंद केला? अख्ख्या सभेत तेवढंच तर पायजे होतं!"

"बंद नाई केला. कमी केला," तुम्ही म्हणालात.

"पण काहून?"

"बाई रडून राह्यली होती. रडणं काय भाषण हाये, चार गावाले आयकवाले?"

त्यातल्या एकाने मशीनला हात घातला. दुसरा म्हणाला, हा समोरच्या पार्टीले मिळाला. मी घाबरले बाबा. आणि खरं सांगायचं तर मला तुमची लाजही वाटली. माणसाने सांगितलेलं काम करावं, बटन फिरवायच्या जागी असला विचार कशाला करत बसावा, असं मला वाटलं. मी मध्ये पडले आणि म्हणाले, "जाऊ द्या ना दादा. बाबाले आता कमी आयकू येते. बटन कुठं गेलं थे समजलं नसन त्याइले." ते लगेच निवळले. एकाने तर तुमच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही वायर गुंडाळत होतात. तुम्हाला ऐकू गेलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

ती बाई थोडक्या मतांनी पडली. तिच्या लोकांनी खापर आपल्या माइकवर फोडलं, आणि समोरच्यांनी तर उलटंच पसरवलं होतं, की जी मंचावर उभी राहून रडते ती अधिकाऱ्यापुढे काय उभी राहणार. पण या सगळ्याहून लांब गेलं ते माझं वाक्य. आठवडाभरात तालुक्याला माहीत झालं की माइकवाल्याला ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला सभेचा माइक कोण देणार? मोठ्या सभा दुसऱ्याकडे गेल्या. जयंतीच्या मिरवणुकीचा माइक तेवढा आपल्या वस्तीने तुमच्याकडेच ठेवला. रस्त्यावरून जाता जाता कोणत्या भोंग्याचा पडदा फाटलाय ते सांगणारा माणूस तुम्ही, आणि चहावाला तुमच्या कानाशी येऊन ओरडायचा, "साखर किती?" एसटीचा कंडक्टर ओरडायचा. ताईचे यजमानसुद्धा ओरडायचे. एकदा जेवता जेवता तुम्ही आईला विचारलंत, "लोकं काहून एवढे वरडून राह्यले माह्यावर?" आई म्हणाली, "मले काय माईत!" मी भाकरीत तोंड घातलं.

मग एके दिवशी दुपारी ती बाई स्वतः आपल्या घरी आली. एकटीच, पायी, बसस्टँडवरून. आई चहा ठेवत होती. बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. मग तुमच्याकडे तोंड करून, तुम्हाला ऐकू जावं म्हणून, जिवाच्या आकांताने ओरडली, "भाऊ! तुमी आवाज कमी केला थे लई बरं केलं! थे रडणं माह्यं होतं! लोकाइचं नोतं थे!" गल्लीतली चार माणसं दारात येऊन उभी राहिली. इतकी आतली गोष्ट तिला अशी ओरडून सांगावी लागली ती माझ्यामुळे. तुम्ही तिला थांबवलं नाही. मला चांगलं ऐकू येतं, असं म्हणाला नाहीत. मान हलवत राहिलात. फक्त एकदा माझ्याकडे पाहिलंत, आणि मग तुम्हीही तितक्याच मोठ्याने म्हणालात, "चहा घ्या बाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला दुकानात नेलंत आणि मशीनपुढच्या तुमच्या स्टुलावर बसवलंत. "मले आयकू येत नाई म्हणतात लोकं," तुम्ही म्हणालात, "मंग आता तूच बस." एवढंच. चेहऱ्यावर ना राग ना हसू. ती शिक्षा होती की देणगी, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्या स्टुलावर मी बसले ती बसलेच. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या लग्नांपासून सुरुवात केली, हळूहळू सभाही परत आल्या. बाईमाणूस माइकवर म्हणून लोक आधी हसले, नंतर सवय झाली. तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून नुसतं ऐकायचात, आणि काही बिघडलं तर बोट वर करायचात.

आता परवाचं सांगते. उमेदवार चाळिशीचा, दोनदा पडलेला. त्याच्या प्रचाराचं काम बघायला पुण्याहून एक तरुण आला होता. सभेआधी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, शेवटी भाऊ इमोशनल होतील. मी हात वर केला की मागून हळू बासरी सोडा." मी हो म्हटलं. आताशा सगळे असंच सांगतात, आणि पेन ड्राइव्हही तेच देतात. ठरल्याप्रमाणे भाऊ माइकला अगदी ओठ लावून म्हणाले, "ही माझी शेवटची लढाई आहे," आणि त्यांचा आवाज कापला. त्या पोराने हात वर केला, मी बासरी सोडली. पुढचे मोबाइल वर झाले. लोक बघत होते, पण कोणाचे डोळे ओले नव्हते. मागे दोघे तर गालात हसत होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. दोन्ही हात वर करून म्हणाली, "ए बाप्पू, रडू नोको रे! कोणी पाणी द्या वं त्या लेकराले!" तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, खरंच रडतोय. त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचं काय झालं कोण जाणे, त्याचा चेहराच मोडला. दोनदा पडल्याचं, का कोणाच्या आठवणीचं, ते त्यालाच ठाऊक. तोंड फिरवून तो मंचाच्या कडेला गेला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. त्याच्या कॉलरलाही एक छोटा माइक लावलेला होता, तो चालूच होता. माझा हात आपोआप बटनाकडे गेला. आधी बासरी बंद केली, मग त्याचा आवाज. हसणारे ते दोघेही गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी तीच म्हातारी नातवाच्या साखरपुड्यासाठी माइक सांगायला दुकानात आली. मी विचारलं, "आजी, काल तुमच्याही डोळ्याले पाणी आलं होतं. मंग मत त्यालेच काय?"

"मत कायले?" ती म्हणाली. "रडला म्हून पाणी द्या म्हणलं. मताचं मी घरी जाऊन पायतो. आमच्याकडं नळ आठ दिवसानं येते, थे बी पाहा लागते ना!"

ती गेल्यावर मी खूप वेळ एकटीच हसत होते. तुम्ही असतात तर तिला बसवून चहा पाजला असता. इकडे कोणीतरी त्याच्या त्या मुक्या रडण्याचा व्हिडिओ काढून त्यावर दुःखाचं गाणं चढवलं आहे आणि तो मोबाइलमोबाइलवर फिरतो आहे. म्हणजे मी काढून घेतलेला आवाज लोकांनी परत घातलाच. निकाल अजून यायचा आहे.

तुम्हाला ऐकू येत नाही हे मी बोलले होते, हे तुम्हाला ठाऊक होतं हे मलाही ठाऊक होतं, आणि तरी तुमच्या जिवंतपणी आपण दोघे त्यावर एक शब्द बोललो नाही. आज लिहून मोकळी होते आहे. पाठवायला पत्ता नाही, म्हणून हा कागद दुकानाच्या बिलबुकातच राहील. पण एक अजून सांगायचं आहे. परवा सभा संपल्यावर तो पुण्याचा तरुण तरातरा माझ्याकडे आला. "मॅडम, आवाज का गेला? तेवढंच तर खरं झालं होतं!" शाळेपुढच्या त्या सभेतलं तुमचं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं बाबा, शब्द न् शब्द. आणि मी म्हणाले, "वायर लूज झाली होती." त्याला पटावं म्हणून मंचाखाली वाकून, मुळीच लूज नसलेली ती वायर मी तो जाईपर्यंत घट्ट करत बसले.