हमामखान्याचं शिंग

शुश्तर, इराण

तीर्थरूप आबांच्या पायांशी इंद्रजितचा नमस्कार.

मी सुखरूप हाय. साखर कारखान्याचं काम नीट चाललंय, आईला सांगा. फोनवर बोलताना तुमाला धाप लागते, म्हणून लिहितोय.

हितल्या जुन्या हमामखान्यात रानबोकडाचं लांब शिंग हाय. पाणी तापलं, की ते फुंकून गावाला आंघोळीला बोलवायचे. मी फुंकलं, तर नुसता वारा निघाला.

म्हातारे राखणदार महमूद म्हणाले, "माझे आजोबा वाजवायचे. आता कुणालाच येत न्हाय."

मी म्हटलं, "माझ्या आबांना येतं. कोऱ्हाळ्यात पालखीपुढं तेच असंच शिंग वाजवायचे."

तवापासून ते रोज विचारतात, "आबा काय म्हणाले?"

डॉक्टरांची मनाई हाय, तवा फुंकून बघू नका. ओठ कसे धरायचे, तेवढं आईकडून लिहून पाठवा. पहिला सूर निघाला, की तुमालाच ऐकवीन.

तुमचा,
इंद्रजित